पहिलीच्या वर्गातील मोठी चित्रपुस्तके : मुलांची नजर ओळीवर कशी आणावी?

माणदेशी_शिक्षिका (सातारा)

सर्वांना नमस्कार. मी माण तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत पहिली व दुसरीचा जोडवर्ग शिकवते. आपल्याकडच्या बऱ्याच शाळांत आता मोठ्या आकाराची चित्रपुस्तके, ज्यांना आपण शिक्षक सरसकट बिग बुक म्हणतो, ती पोहोचली आहेत. त्यांचा वापर मात्र बहुतेक ठिकाणी गोष्ट सांगण्यापुरताच होतो. बाई पुस्तक हातात धरतात, चित्र दाखवतात, गोष्ट रंगवून सांगतात आणि मुले खूश होतात. यात वावगे काहीच नाही, पण एवढ्याचसाठी पुस्तक मोठे करण्याची गरज नव्हती असे माझे स्पष्ट मत आहे. चित्र तर साध्या पुस्तकातलेही फिरवून दाखवता येते. पान मोठे करायचे ते वर्गातल्या प्रत्येक मुलाला छापलेली ओळ एकाच वेळी दिसावी आणि आपण कोणता शब्द वाचत आहोत हे त्याच्या डोळ्यांना कळावे म्हणून.

ही पद्धत न्यूझीलंडमधून आली. तिथले शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी असे पाहिले की, काही मुले शाळेत येतानाच वाचनाच्या उंबरठ्यावर असतात आणि त्यांतील बहुतेकांना घरी रोज कोणीतरी मांडीवर घेऊन पुस्तक वाचून दाखवलेले असते. मांडीवर बसलेल्या मुलाला पान दिसते, वाचणाऱ्याचे बोट दिसते, आवडलेली गोष्ट पुन्हा वाचायला सांगता येते, आणि काही दिवसांनी ते मूल तीच गोष्ट बाहुलीला वाचून दाखवू लागते. हा अनुभव तीस मुलांच्या वर्गात कसा द्यावा, या प्रश्नाचे त्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे मोठे पुस्तक. १९७९ साली त्यांनी ही सर्व मांडणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या मुलांच्या बाबतीत हा विचार मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या घरात पहिलीचे पाठ्यपुस्तक हेच पहिले पुस्तक असते, तिथल्या मुलाला मांडीवरचे वाचन शाळेतच मिळू शकते.

परंतु पान मोठे केले की मुलांची नजर आपोआप अक्षरांवर जाते, असे मुळीच नाही. २००५ साली कॅनडातील मेरी अ‍ॅन एव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुस्तक वाचून दाखवले जात असताना लहान मुलांचे डोळे नेमके कुठे असतात हे उपकरणाच्या साहाय्याने तपासले. मुले जवळजवळ सगळा वेळ चित्रे पाहत होती आणि मजकुराकडे त्यांची नजर क्वचितच वळत होती. दुसरीकडे, अमेरिकेत लॉरा जस्टिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना वाचताना मजकुराकडे मुद्दाम लक्ष वेधायला शिकवले. इथून सुरुवात करू, हा शब्द बघा, हे अक्षर तुझ्या नावातले, एवढेच ते बोलणे होते. अशा वर्गांतील मुलांना पुढे एक-दोन वर्षांनीही वाचनात त्याचा फायदा झालेला आढळला. म्हणजे फरक पुस्तकाच्या मापापेक्षा शिक्षकाच्या बोलण्याने आणि वाचताना ओळीखाली फिरवायच्या पट्टीने पडतो.

माझ्या वर्गात जे रोज दिसते ते एका उदाहरणाने सांगते. "बदक तळ्यात पोहते." ही ओळ घ्या. मुलाच्या हाती पट्टी दिली आणि वाचायला सांगितले, तर ते बोलण्याच्या ठेक्यावर पट्टी पुढे सरकवते : ब-दक, त-ळ्यात, पोह-ते. ठेके सहा होतात आणि अक्षरे आहेत नऊ. एका ठेक्याला एक अक्षर या हिशोबाने त्याचे वाक्य बोलून संपते तेव्हा पट्टी "तळ्यात" या शब्दाच्या शेवटी असते आणि "पोहते" हा अख्खा शब्द शिल्लक राहतो. मूल थांबते, मागे बघते, माझ्याकडे बघते. हा क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपण बोलतो ते आणि कागदावर आहे ते यांचा मेळ बसला पाहिजे, ही जाणीव त्याला तिथे स्वतःहून होते. मग मी शब्दांमधली मोकळी जागा दाखवते, ते मूल पुन्हा सुरुवातीपासून पट्टी फिरवते आणि वर्गातली बाकीची मुलेही ती पाहत असतात. लहान पुस्तकात हे फक्त त्या एका मुलापुरते झाले असते.

ऱ्हस्व वेलांटीचेही असेच आहे. "चिमणी" वाचताना डावीकडून आधी वेलांटी लागते आणि तिचा उच्चार मात्र "च"च्या नंतर होतो. हाताच्या पंजाएवढ्या अक्षरात वेलांटीची कमान "च"वर कशी येऊन टेकते हे बोट फिरवून दाखवता येते. आपल्या लिपीत मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे आणि ही एक वेलांटी डावीकडे अशी सगळी मांडणी असल्यामुळे मोठ्या अक्षराचा उपयोग इंग्रजीपेक्षा आपल्याला अधिक आहे, असे मला वाटते.

आपापल्या वर्गांत आपण ही पुस्तके कशी वापरता आणि कोणत्या अडचणी येतात, हे सविस्तर लिहावे ही विनंती.

जुने_गुरुजी (वाळवा, सांगली)

बाई, आपण विषय नेमका मांडला आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक असून अक्षरगट, शब्दचक्र, वाचनपाठ या वाटेने, म्हणजे आधी थोडी अक्षरे, मग त्यांचे शब्द आणि मग त्या शब्दांचे पाठ अशा क्रमाने, अनेक मुलांना वाचते केले आहे, म्हणून माझी शंका मोकळेपणाने लिहितो. मोठ्या पुस्तकाची गोष्ट मुलांना चार दिवसांत तोंडपाठ होते. त्यानंतर मूल पट्टी फिरवत घडाघडा म्हणते, पाहुणे कौतुक करतात, पालक समाधानी होतात, परंतु तेच शब्द फळ्यावर उलटसुलट लिहिले की ते गप्प बसते. पाठांतराला वाचन समजण्याचा हा धोका फार मोठा आहे.

दुसरे असे की, निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन व गणिताच्या अभियानाची जी उद्दिष्टे २०२१ साली ठरली, त्यांत पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची अपरिचित वाक्ये वाचावीत आणि दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असे म्हटले आहे. त्यांतील "अपरिचित" ही अट महत्त्वाची आहे. अपरिचित मजकूर वाचायला अक्षरे आणि स्वरचिन्हे पक्की लागतात. चित्रावरून आणि संदर्भावरून शब्द ओळखण्याची सवय लागली तर ती पुढे तिसरी-चौथीत मुलाला अडवते, हे मी पाहिले आहे.

माणदेशी_शिक्षिका

गुरुजी, आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. होल्डवे यांच्या विचारांवर आधारलेल्या चळवळीत अक्षर-ध्वनीच्या क्रमवार शिक्षणाला पुढे पुढे दुय्यम स्थान मिळत गेले आणि त्यावर इंग्रजी भाषक देशांत मोठा वाद झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन क्रमवार ध्वनिशिक्षणाच्या बाजूने स्पष्ट निष्कर्ष दिला. आपल्या लिपींबाबत तर हे अधिकच खरे आहे, कारण चिन्हांची संख्या मोठी आहे. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ मध्ये असे दाखवले की, सगळी अक्षरे आत्मसात व्हायला मुलांना चौथीपर्यंतचा काळ लागतो. बाराखडी आणि जोडाक्षरे असलेल्या मराठीची स्थिती याहून फार वेगळी नसावी. तेव्हा अक्षरगटांचा तास वेगळा हवाच आणि तो रोज हवा.

पाठांतराचा प्रश्न मी असा हाताळते. गोष्ट पाठ झाली की त्यातील दोन वाक्ये कार्डशीटच्या पट्ट्यांवर लिहिते, मुलांसमोर कात्रीने शब्द सुटे करते आणि ते मिसळून देते. वाक्य पुन्हा जुळवताना चित्राचा आधार नसतो, म्हणून मुलाला अक्षरांकडे पाहावेच लागते. त्यानंतर त्याच शब्दांचे गोष्टीत नसलेले वाक्य करून देते, उदाहरणार्थ "तळ्यात बदक." आणि "बदक पोहते का?" ज्याला केवळ पाठ आहे तो इथे अडखळतो आणि मला त्याच्याबरोबर कुठून सुरुवात करायची हे लगेच कळते. पाठ असलेली गोष्ट मला वाया गेलेली वाटत नाही, कारण शब्द काय असणार हे आधी माहीत असले की तो कागदावर कसा दिसतो याकडे मुलाला सगळे लक्ष देता येते. पाठांतरावर थांबायचे मात्र नाही.

चित्रावरून अंदाज करण्याची सवय लागू नये म्हणून मी एक शब्द चिकटकागदाने झाकते. "बदक ____ पोहते." इथे मुले "पाण्यात", "नदीत", "विहिरीत" असे काहीही सुचवतात आणि ते सगळे मी फळ्यावर लिहून घेते. मग कागद थोडा सरकवून फक्त "त" दाखवते. लगेच तीन-चार मुले ओरडतात की "पाण्यात" नाही, कारण पहिले अक्षर "प" नाही. अंदाज अक्षराने तपासायचा असतो, हे त्यांना यातून समजते.

कोयनाखोरे (पाटण, सातारा)

चर्चा वाचून बरे वाटले. आमच्या भागात पटाचा प्रश्न वेगळा आहे. माझ्या शाळेत पहिलीत पाच मुले आहेत. माझा अनुभव असा की, पाच मुलांसाठी मोठ्या पुस्तकाची गरज फारशी भासत नाही. सतरंजीवर मुले मला खेटून बसतात, साधे चित्रपुस्तक मधोमध ठेवतो, प्रत्येकाला ओळ दिसते आणि प्रत्येकाचे बोट पानाला लागते. डोंगरातल्या कमी पटाच्या शाळांना मोठ्या पुस्तकांवर खर्च करण्यापेक्षा तेवढ्याच रकमेत लहान पुस्तके अधिक संख्येने मिळाली तर मुलांचे जास्त हित होईल, असे माझे ठाम मत आहे. होल्डवे यांची मांडणी मांडीवरच्या वाचनातून आलेली असेल, तर ज्यांना मांडी उपलब्ध आहे त्यांनी तीच वापरावी.

माणदेशी_शिक्षिका

सर, आपले म्हणणे योग्य आहे. दहा-बारा मुलांच्या पुढे मात्र मागची रांग तयार होते आणि मागच्या रांगेतल्या मुलाला लहान पुस्तकात फक्त रंग दिसतात.

जत_सीमेवरून (सांगली)

आमच्या जत तालुक्यात अनेक घरांत कन्नड बोलली जाते आणि तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. मराठी माध्यमात आलेल्या काही मुलांना पहिलीच्या सुरुवातीला वाक्य ऐकूनही अर्थ लागत नाही. अशा मुलासमोर लगेच पट्टी फिरवली तर त्याला ओळही कळत नाही आणि गोष्टही. म्हणून पहिल्या वेळी आम्ही मजकूर बाजूला ठेवून केवळ चित्रांवर बोलतो आणि मुलाने कन्नडमध्ये सांगितलेले तसेच स्वीकारतो. "बेक्कु" म्हणणाऱ्या मुलाला "हो, मांजर" असे उत्तर दिले की त्याला आपले बोलणे वर्गात चालते हे कळते. दुसऱ्या दिवशी तेच चित्र समोर ठेवून मराठी ओळ वाचतो. या टप्प्यावर मोठ्या चित्राचाही खरा उपयोग होतो, एवढे मला धागाकर्त्या बाईंच्या मताला जोडावेसे वाटते.

बोलीचाही विचार व्हावा. मराठी बोलणारे मूल "व्हता" म्हणते आणि पुस्तकात "होता" असते. मी त्याला चूक म्हणत नाही. पुस्तकात कसे लिहिले आहे ते पाहू, असे म्हणून "हो" या अक्षराखाली पट्टी धरतो. ते मूल स्वतःच "होता" असे वाचते आणि खेळताना पुन्हा "व्हता" म्हणते. दोन्ही चालू राहावे.

अंगणवाडीची_ताई (कराड)

मी पंधरा वर्षांहून अधिक काळ अंगणवाडी सेविका आहे. आमच्याकडे तीन ते सहा वर्षांची बालके असतात, त्यामुळे अक्षरांची घाई आम्ही करू नये असे मला वाटते. तरीही मोठे पुस्तक आमच्या कामाचे आहे. पुस्तक सरळ कसे धरायचे, मुखपृष्ठ कोणते, वाचायला कुठून सुरुवात करायची, ओळ संपल्यावर कुठे जायचे, पान कोणत्या बाजूने उलटायचे, या गोष्टी आपल्याला उपजत वाटतात, पण बालकाला त्या कोणीतरी दाखवाव्या लागतात. एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते की, न्यूझीलंडच्याच मेरी क्ले यांनी मुलांची छापील मजकुराविषयीची ही समज तपासण्यासाठी १९७० च्या दशकात एक चाचणी तयार केली होती. मी चाचणी वगैरे घेत नाही. पुस्तक मुद्दाम उलटे धरते आणि गप्प बसते. जून महिन्यात कोणी काही बोलत नाही, दिवाळीनंतर मात्र सगळी बालके एकदम ओरडतात.

हंगामात ऊसतोड मजुरांची बालके आमच्याकडे येतात आणि पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, की निघून जातात. त्यांना सलग शिकवणे शक्य नसते. मोठ्या पुस्तकाची एक गोष्ट मात्र आठवड्यात पूर्ण होते, आणि नवे बालक कोणत्याही दिवशी आले तरी बाकीच्यांबरोबर "मग काय झालं?" असे म्हणू शकते.

जुने_गुरुजी

ताई, ऊसतोड कुटुंबांतील मुलांविषयी आपण लिहिले ते फार आवश्यक होते. त्याला जोडून सुचवतो. या मुलांच्या बोलण्यातूनच पुस्तक करावे. कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, काय चालते, बैलांची नावे काय, गाडी कधी भरते, हे मुलांनी सांगायचे आणि शिक्षकाने मोठ्या कार्डशीटवर एका पानाला एक वाक्य असे त्यांच्यासमोर लिहायचे. "गाडी भरली. बैल उठले. आई गाडीवर बसली." असे तीन वाक्यांचेही पुस्तक होते. चित्रे मुले काढतील. आपण बोललो तेच कागदावर उमटले, हे ज्या मुलाने एकदा पाहिले त्याला लेखन कशासाठी असते हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

छपाईवाले_मिरज

माझा छपाईचा व्यवसाय आहे आणि शिक्षकांची अशी कामे अधूनमधून येतात, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो. पान ए-२ मापाचे, म्हणजे साधारण ४२ बाय ५९ सेंटिमीटरचे ठेवावे. त्याच्या निम्मे ए-३ हे दहा-बारा मुलांपर्यंत ठीक आहे. अक्षराची उंची मोजपट्टीने ठरवण्यापेक्षा एक छापील पान भिंतीला लावून सर्वांत मागची सतरंजी जिथे असते तिथून स्वतः वाचून पाहावे, तेही जमिनीवर बसून. मजकूर चित्रावर छापू नये. खाली किंवा वर पांढरी पट्टी सोडून तिथे काळ्या अक्षरात छापावा, म्हणजे अक्षर आणि चित्र एकमेकांत मिसळत नाहीत. चकचकीत लॅमिनेशन टाळावे, कारण खिडकीचा उजेड त्यावर पडला की अर्ध्या मुलांना नुसता पांढरा डाग दिसतो. मॅट लॅमिनेशन घ्यावे. फ्लेक्स स्वस्त पडतो, परंतु त्याच्या कडा वळतात आणि पाने उलटताना एकमेकांना चिकटतात. जाड कार्ड आणि वरच्या बाजूला स्पायरल हे सर्वांत टिकाऊ ठरते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे फॉन्ट. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठी वर्णमालेतील अक्षरांची प्रमाण वळणे ठरवून दिली आहेत, मात्र संगणकावरचे बरेच फॉन्ट "ल" आणि "श" हिंदी वळणाचे उमटवतात. मुलाने पाठ्यपुस्तकात एक "ल" पाहायचा आणि मोठ्या पुस्तकात दुसरा, हे पहिलीच्या वर्षी तरी नको. काम देताना शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे, कारण छापखान्यात कोणी ते आपण होऊन पाहत नाही. तयार गोष्टी हव्या असतील तर प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याच्या मराठी गोष्टी आहेत. लेखक व चित्रकारांची नावे कायम ठेवून त्या छापता येतात. मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पाठवू नये, पूर्ण पीडीएफ उतरवून आणावी.

द्राक्षबाग (तासगाव)

मी पालक आहे. आमच्या गावच्या शाळेत लोकवर्गणीतून मोठा टीव्ही बसवला आहे. तीच पीडीएफ टीव्हीवर दाखवली तर छपाईचा खर्च वाचेल, असा विचार शाळा व्यवस्थापन समितीत पुढे आला आहे. यावर आपले मत काय? तसेच, घरी मुलीसाठी असे मोठे पुस्तक घ्यावे का?

माणदेशी_शिक्षिका

दादा, घरी मोठे पुस्तक घेऊ नका. साधी चित्रपुस्तके घ्या आणि मुलीला जवळ बसवून ओळीखाली बोट फिरवत वाचा, तीच गोष्ट ती पुन्हा मागेल तेव्हा कंटाळा न करता पुन्हा वाचा.

टीव्हीवर ओळ सर्वांना दिसते हे खरे आहे आणि ज्या शाळेत छपाईसाठी पैसेच नाहीत तिथे तो अवश्य वापरावा. पण टीव्ही बंद केला की पुस्तक नाहीसे होते. कागदी पुस्तक दिवसभर घोड्यावर, म्हणजे पुस्तक ठेवायच्या स्टँडवर, उघडे राहते. माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत मुले खिचडी खाऊन लवकर परततात, एक जण पट्टी घेऊन "बाई" होतो आणि बाकीचे समोर बसतात. तो "बाई" चुकला की समोरचे त्याला थांबवतात, शब्दावर बोट ठेवतात, आणि कधी कधी दोघेही बरोबर नसतात तेव्हा वाद माझ्यापर्यंत येतो. होल्डवे यांनीही मुलांच्या अशा स्वतंत्र वाचनाला पद्धतीचा आवश्यक भाग मानले होते, आणि मला तर पूर्ण आठवड्याच्या कामातला तोच भाग सर्वांत फलदायी वाटतो. त्यासाठी पुस्तक मुलांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर असावे आणि फाटण्याच्या भीतीने कपाटात जाऊ नये. फाटलेले पान चिकटपट्टीने जोडता येते.

मिरजेच्या दादांनी सांगितलेल्या वळणाच्या मुद्द्यावरून मी आमच्या शाळेतली पुस्तके आजच तपासणार आहे. गुरुजींनी सुचवलेले मुलांच्या बोलण्यातले पुस्तक हा मला या चर्चेतला सर्वांत मोठा लाभ वाटतो. आमच्याकडे मेंढपाळ कुटुंबांतील मुले आहेत, त्यांच्या सांगण्यातून वाड्यावरचे, म्हणजे मेंढरांच्या तळावरचे, पुस्तक करून पुढच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत मांडेन. वेगवेगळ्या केंद्रांतल्या शाळांनी अशी आपापली पुस्तके महिन्याने एकमेकांकडे फिरवली, तर माणच्या मुलांना कोपीवरचे बैल वाचायला मिळतील आणि कराडच्या मुलांना वाड्यावरच्या मेंढ्या. ताई, आपल्या अंगणवाडीतून एखादे पुस्तक तयार झाले तर त्याच्या पानांचे फोटो इथे जरूर टाका.